राणीच्या हनुवटीवरची भेग

आमच्या कॉलेजच्या पत्रकारिता विभागाचा अंक दर महिन्याला निघायचा आणि त्याची पानं मी लावायचे. बातम्या लिहायला सगळे पुढे, पान लावायला कोणी नसायचं. मराठी मजकूर लेआउटच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकला की जोडाक्षरं फुटायची, काने-वेलांट्या भलतीकडेच जाऊन बसायच्या. ते सांधत बसायची चिकाटी माझ्याकडेच होती. मला ते आवडायचंही. फोटो कुठे बसेल, मथळा किती मोठा, मोकळी जागा कुठे सोडायची हे ठरवताना दादरच्या त्या उकडणाऱ्या कॉम्प्युटर रूममध्ये मी कुठल्या कुठे जायचे.

त्या महिन्यात मधलं पान दशावतारावर होतं. परळच्या एका हॉलमध्ये आमच्याच कोकणातल्या लोकांचं एक हौशी मंडळ रविवारी दुपारी प्रयोग करतं. घोडपदेवला राहणारा माझा वर्गमित्र तिथे जाऊन फोटो काढून आला होता. त्याने एक फोटो उघडला नि म्हणाला, "हा मोठा लाव. एकदम कडक आहे. बाकीचे टाक नाहीतर नको टाकू."

फोटो रंगपटातला होता. राणीचं काम करणारा नट पेटाऱ्यावर बसून हातातल्या आरशात बघत होता. हिरवी साडी, गंगावन, कपाळावर चंद्रकोर, तोंडावर गुलाबी रंगाचा जाड थर. पुरुष आहे हे सांगूनही खरं वाटलं नसतं. फोटो खरंच सुंदर होता.

"फक्त हनुवटीवर रंगाला भेग पडलीय बघ," तो म्हणाला. "तेवढी काढ."

असले डाग काढणं माझ्या हातचा मळ होता. हनुवटी मोठी केली, ब्रश फिरवला, भेग गेली. हनुवटी गुळगुळीत झाली. आणि मला काहीतरी चुकल्यासारखं वाटायला लागलं. काय ते कळेना. मी केलेलं परत फिरवलं, भेग पुन्हा उमटली. तिरकी, खाली जरा रुंद होत गेलेली. बाबा लहानपणी गावी तळीच्या पायरीवर पडले नि त्यांच्या हनुवटीला खोक पडली होती, तिचा व्रण असाच आहे. दाढी करताना ते तिथे ब्लेड तिरकं धरतात. फोटोत तिथे रंग धरला नव्हता, एवढंच.

मी फोटो लहान केला. राणीचे डोळे बघितले. मी खुर्ची मागे ढकलली.

"काय झालं? भूत बघितलंस काय?" मित्राने विचारलं.

"नाव काय ह्यांचं?"

"नाव नाही सांगितलं. म्हणाले, फोटो काढ, नाव नको. पण काय काम करतात माहितीय? समोर बसलेल्या बायका रडतात अक्षरशः."

माझे बाबा शिवडीला एका गोदामात सुपरवायझर आहेत. घरात दिवसभरात मोजकं बोलतात. चहा, पेपर, 'पंखा कमी कर'. रविवारी त्यांना ओव्हरटाइम असतो, म्हणून आई डबा भरून देते. त्या संध्याकाळी लालबागला घरी पोचले तेव्हा ते खाटेवर बसून चहात बेकरीतलं बटर बुडवत होते. मी दारातच उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिले.

"काय गो? बरां नाय काय?"

"बरी आहे," म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. आईला सांगावंसं वाटलं, पण सांगणार काय? मी स्वतःच अजून मानायला तयार नव्हते. व्रण काय, कोणाच्याही हनुवटीवर असतो.

पुढच्या रविवारी परळला गेले. हॉलमध्ये मागच्या रांगेत, खांबाआड बसले. पखवाज वाजला, पेटीने सूर धरला आणि राणी आत आली. चाल बाबांची नव्हती. खांदे, मान, हात, काहीच बाबांचं नव्हतं. मी सुटल्यासारखा श्वास सोडला. मग राणी बोलायला लागली.

दशावतारात संवाद लिहिलेले नसतात. कथा ठरलेली असते, शब्द ज्याचे त्याने उभ्या उभ्या आणायचे. राजाने घराबाहेर काढलेली राणी उंबऱ्याशी थांबली नि म्हणाली, "ह्या दारातून आत आले तेव्हा माप ओलांडलं होतं, महाराज. आता बाहेर जाताना काय ओलांडू, तेवढं सांगा." माझ्या पुढची बाई पदराने डोळे पुसायला लागली. आवाज बाबांचाच होता. बारीक केलेला, ओला, पण त्यांचाच. पंखा कमी कर म्हणणाऱ्या माणसाच्या आत हे सगळं कुठे होतं? ती राणी कितीतरी वेळ बोलत होती आणि मी हात तोंडावर दाबून ऐकत होते.

प्रयोग संपल्यावर रंगपटात गेले. ते तेलाच्या बोळ्याने रंग पुसत होते. आरशात मी दिसले आणि त्यांचा हात जागच्या जागी थांबला.

"तू खंयसून इलंस?"

मी लावलेलं पान मोबाइलवर काढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन बघितलं.

"आवशीक सांगितलंस?"

"नाही, आईला अजून काहीच नाही."

ते गंगावन सोडवत हळूहळू बोलले. तरुणपणी गावच्या जत्रेत ते राणी करायचे. आजोबा मुंबईला गिरणीत होते, ते एका वर्षी जत्रेला आले. "बापाशीन माका साडीत बघल्यान नि बापूस उठान गेलो. एक शब्द बोललो नाय. ना तेव्हा, ना मगे." बाबांनी काम सोडलं. मग एवढ्या वर्षांनी मंडळातला नट आजारी पडला, कोणीतरी ह्यांना बोलावलं आणि ते गेले ते जातच राहिले.

"बाबा, फोटो छापू नको म्हणालात तर नाही छापणार."

"छाप," ते म्हणाले. "पण आधी तिका सांगूक होया. माझ्या तोंडान."

घरी येऊन त्यांनी आईला समोर बसवलं आणि सगळं सांगितलं, जत्रेपासून. आईच्या हातातली लसूण हातातच राहिली. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. तिने विचारलं, "साडी कोणाची?"

"तुझी. ती हिरवी."

"ती बोहारणीने नेली ना?" आईचा आवाज चढला. "साडी घेतलीस नि डबा दिला नाहीस म्हणून मी भांडले तिच्याशी! चोर म्हटलं तिला! ती परत आपल्या चाळीत पाय ठेवत नाही!"

मला हसू फुटलं. बाबाही हसणार होते, पण आईने हातातली लसूण खाली टाकली.

"ओव्हरटाइम सांगायची काय गरज होती?" ती हळू आवाजात म्हणाली. "मी काय उठून गेले असते?"

त्यानंतर बरेच दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली.

अंक निघाला. फोटो अर्ध्या पानावर, नाव न घालता. मित्र म्हणाला, "अगं, ती भेग राहिली." मी म्हटलं, "राहू दे." त्याला कारण सांगितलं तेव्हा तो खुर्चीत सरळ होऊन बसला आणि फक्त "आयला!" एवढंच म्हणाला. चाळीत अंक फिरला, पण बाबांना कोणी ओळखलं नाही. आईने पान उघडून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "निऱ्या चांगल्या काढतात." प्रयोगाला ती अजून आलेली नाही. मी विचारत नाही.

मी मात्र जमेल तेव्हा जाते. राणी बोलायला लागली की दर वेळी अंगावर काटा येतो. मग घरी आल्यावर बाबा ताट पुढे करून म्हणतात, "आमटी वाढ." हे दोन्ही आवाज एकाच गळ्यातले आहेत, हे मला अजून खरं वाटत नाही.