बोटीवरचं नाताळचं जेवण

वसईत माझं झेरॉक्सचं दुकान नवं होतं, तेव्हा दर डिसेंबरात निर्मळ गावाहून एक आजोबा सायकलवर यायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. महायुद्धात ते इस्पितळाच्या बोटीवर वाढपी होते. तिथल्या नाताळच्या जेवणाचं छापील कार्ड ते झेरॉक्स काढायला आणायचे. मागे जखमी शिपायांच्या सह्या. मशीनवर ठेवलं तरी कोपरा सोडायचे नाहीत आणि आतला उजेड सरकू लागला की डोळे गच्च मिटायचे.

एका संध्याकाळी मला हसू आलं. ते म्हणाले, "बाकीच्या बोटी अंधारात लपायच्या. आमची सगळे दिवे लावून चालायची, शत्रूला लाल क्रॉस दिसावा म्हणून. वाचायचं तर आधी दिसायचं! पुडिंग वाढतानाही मी खिडकीबाहेरच्या काळोखाकडे बघत होतो."

मग दारातल्या नाताळच्या स्टारकडे बघत हळूच म्हणाले, "मी वळणापलीकडे जाईपर्यंत हा विझव, बाबा."

मी विझवला. सायकलच्या दिव्याचा डायनामो चाकाला न लावताच ते अंधारात निघून गेले.