बुबुळांमधलं अंतर

चष्म्याच्या दुकानात तिला सगळे चिमणी म्हणत. गिऱ्हाईक समोर बसलं की तिची टकळी सुरू व्हायची. "ही फ्रेम नको हं, हिच्यात तुम्ही रागावल्यासारख्या दिसता. घरी धाक बसवायचा असेल तर मात्र जरूर घ्या." माणसं हसायची आणि एकाऐवजी दोन चष्मे घेऊन जायची.

मग ते सगळं आटत गेलं. घरात कुणी गेलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं, त्यामुळे विचारणाऱ्याला सांगायला कारणही सापडत नसे. आधी झोप गेली, मग अंथरुणातून उठवेना, आणि शेवटी दारावरची बेल वाजली तरी ती न्हाणीघरात जाऊन कडी लावून बसू लागली. थोरल्या बहिणीने तिला उचलून आपल्या घरी आणलं. डॉक्टर, गोळ्या, केस विंचरून देणं, सगळं तिनेच केलं. बरेच महिने गेल्यावर एका सकाळी चिमणी आपण होऊन म्हणाली, "अक्का, मला दुकानात जायचंय."

"जा की. आतल्या खोलीत काहीतरी काम बघ, म्हणजे माणसांची कटकट नको."

"आत नाही गं. काउंटरवर. तिथे बसता आलं, तर मी बरी झाले म्हणायचं."

बहिणीने वाद घातला नाही. दुकानाच्या मालकांशी, म्हणजे काकांशी, तिने आधीच बोलून ठेवलं होतं. काका स्वभावाने मऊ. त्यांनी चिमणीला पडद्यामागच्या खोलीत काचा घासायला बसवलं. फ्रेमच्या मापाने काच कापायचं यंत्र तिथे दिवसभर घरघरत असे, वरून पाण्याची बारीक धार. कुणाशी बोलायची गरज नाही. काम ती चोख करी. पण हात रिकामा झाला की पडदा बोटभर सारून बाहेर बघत राही.

एके दिवशी काउंटरवरचा माणूस तापाने फणफणला. काकांनी पडद्यातून डोकं घातलं. "चिमणे, आजचा दिवस बसतेस का बाहेर? नको असेल तर मी आहेच."

"बसते," ती म्हणाली, आणि हात पुसून पडद्याबाहेर आली.

पहिल्याच बाई आल्या त्या शिवणकाम शिकवणाऱ्या. तोंडाने फटकळ, मनाने प्रेमळ. "अगं, तूच ना ती बडबडी? होतीस कुठे इतके दिवस? माझ्या जुन्या चष्म्याने बाई डोकं उठतं नुसतं. सुईत दोरा ओवायचा तर दोन-दोन नेढी दिसतात!"

फ्रेम निवडून झाली. आता राहिलं माप. दोन बुबुळांमध्ये किती अंतर आहे ते मोजून काचेचा मध्य बरोबर त्यांच्यासमोर आणावा लागतो. त्यासाठी गिऱ्हाइकाच्या नाकावर मोजपट्टी धरायची, हातभर अंतरावरून म्हणायचं, "माझ्या डाव्या डोळ्यात बघा," मग, "आता उजव्या." हे तिने हजारदा केलं होतं. त्या दिवशी पट्टी हातात आली आणि बाईंचे ते टपोरे, कुतूहलाने भरलेले डोळे तिच्यावर खिळले. आपल्या आत काय झालंय ते यांना दिसणार, असं तिला वाटलं. पट्टी तिने खाली ठेवली.

तिने बाईंचा जुना चष्मा उचलला. काचेचा नंबर तपासायच्या यंत्रात धरून दोन्ही काचांच्या मध्यावर शाईचे ठिपके दिले आणि त्यांच्यामधलं अंतर मोजून लिहून टाकलं. गर्दीच्या वेळी असं करणारे दुकानदार आहेत. पण ज्या चष्म्याने डोकं उठतं त्याचंच माप नव्याला लावू नये, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

आठवड्याने बाई परत आल्या. "काका, हे काय हो? नवा चष्मा नि जुनीच डोकेदुखी! काल जिन्यावरून पडता पडता वाचले."

काकांनी तिला पडद्याआडून बाहेर बोलावलं. "माप तू घेतलंस ना?"

हो म्हणणं सोपं होतं. काकांनी खापर काचेच्या कारखान्यावर फोडलं असतं.

"नाही घेतलं. जुन्या चष्म्यावरून उतरवलं."

काकांचा चेहरा पडला. बाईच म्हणाल्या, "मग आता घे. मी काय खाते का तुला? बस अशी समोर."

ती बसली. पट्टी नाकावर टेकली. "माझ्या... डाव्या डोळ्यात बघा." बाईंनी बघितलं. चिमणीने आकडा वाचला. पुढचं वाक्य तेवढं राहिलं होतं. ओठ हलले, आवाज फुटेना. बाई वाट बघत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांत आता कुतूहल नव्हतं, दया होती. पट्टी काउंटरवर पडली. काकांनी ती उचलली, चिमणीला हळूच उठवून ते तिच्या खुर्चीत बसले आणि त्यांनी माप पुरं केलं.

संध्याकाळी दुकान आवरताना ते म्हणाले, "तू आतच बस बाळ. तुझ्या हातासारखी काच कुणाची उतरत नाही. बाहेरचं कशाला जिवाला लावून घेतेस?"

"बरं," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला, आणि तो पडला याचंच तिला रस्ताभर रडू येत राहिलं.

बाईंच्या नव्या काचा तिनेच घासल्या, काकांच्या मापाने, केसाचाही फरक न ठेवता. बाई न्यायला आल्या तेव्हा पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला. "अहाहा! सुईचं नेढं आता एकच! अहो, ती कुठे आहे? बोलवा तिला, सांगते तरी."

"आत आहे. बोलावू?"

चिमणीने चटकन बटण दाबलं. यंत्रात काच नव्हती. ते नुसतंच मोठ्याने घरघरत राहिलं, वरून पाणी पडत राहिलं, आणि बाहेर काका म्हणाले, "कामात आहे हो ती."