कॉर्सेट घालायला गेले आणि परकराची गाठ सुटेना

मैत्रिणींनो, आत्ताच इथे जर्मनीत कोलोनहून घरी आलेय आणि भयंकर चिडलेय. कोणावर, ते तुम्हीच सांगा.

तिथल्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला निघाले होते, म्हणून साडीत होते. वाटेत एका म्युझियममध्ये बायकांच्या जुन्या कपड्यांचं प्रदर्शन दिसलं. तिथे कॉर्सेट, म्हणजे पूर्वी युरोपातल्या बायका कमरेला दोरीने आवळायच्या तो कडक पट्टा, घालून बघता येत होता. मी गाईडबाईंना म्हटलं, "बिचाऱ्या! यात गुदमरून चक्कर येऊन पडायच्या ना?"

"आल्झो, म्हणजे कसं आहे, सगळ्यांना असंच वाटतं," त्या जर्मनमध्ये म्हणाल्या आणि हसल्या. "बहुतेक जणी बेताचाच आवळायच्या. त्यातच कामंही करायच्या. घालून बघा."

पडद्याआड साडी सोडली. पण परकराच्या नाडीला निरगाठ बसलेली. पोट आत ओढलं, नखं मोडली, घामाघूम झाले. शेवटी बाईंनाच हाक मारली. त्यांनी नाडी कापली आणि माझ्या कमरेवरचा काळा वळ बघतच राहिल्या.

"एवढं घट्ट कोणी बांधलं?"

"मीच. साडी सुटू नये म्हणून. आईने शिकवलंय, श्वास रोखायचा आणि गाठ मारायची."

मग त्यांनी कॉर्सेट चढवला. दोरी ओढताना दर वेळी विचारत होत्या, "श्वास घेता येतोय ना?"

येत होता हो, अगदी छान! आणि मला रडूच आलं. नाडी बांधताना हे मला कधी कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

पण हळदीकुंकवाला उशीर होत होता. बाईंनी कॉर्सेटची एक जुनी दोरी दिली. ती परकरात ओवली, श्वास रोखला आणि गच्च गाठ मारली.

आत्ता टाइप करतेय, तर तीही सुटत नाहीये. तुम्ही कशी बांधता गं?