नकाशात नसलेला चौसष्ट नंबर

बेबाताई तायडेंना प्रश्न विचारायची खोडच होती. फैजपूरला लहानपणी त्यांनी केळीच्या घडाला उलटं का लटकायचं असतं असं विचारून बापाला भंडावून सोडलं होतं, आणि चौतिसाव्या वर्षीही त्यात काडीचा फरक पडला नव्हता. भुसावळला आयटीआय करून त्या धुळ्याच्या पुनर्वसन कचेरीत अनुरेखक म्हणून लागल्या. म्हणजे इंजिनिअरनं पेन्सिलनं काढलेल्या नकाशावर अर्धपारदर्शक कापड पसरायचं आणि खालची प्रत्येक रेघ शाईनं वर उतरवून घ्यायची. एका कापडाला पंधरा पंधरा दिवस लागायचे. मान मोडून जायची, पण बाईंचा हात असा स्थिर की लोक बघत उभे राहायचे.

अठ्ठ्याण्णव साली कचेरीत कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यामागोमाग जळगावहून देवचंद चौधरी आला. तिशीतला, जाड मिशांचा, कमी बोलणारा माणूस. करंजपाडे गाव धरणात जाणार होतं आणि गावातल्या घरांना नव्या गावठाणात प्लॉट द्यायचे होते. त्याचा सगळा हिशेब कॉम्प्युटरवर बसवायचं काम देवचंदकडे होतं. धरण बारा वर्षं रखडलं होतं, आणि आता अचानक सगळ्यांना घाई सुटली होती. सरकारी कामाचं असंच असतं.

आधी कचेरीत नकाशा एका कपाटात आणि कागद दुसऱ्या कपाटात असायचे. कॉम्प्युटर आल्यावर सुरुवातीला तेच झालं. नकाशा बघायला एक प्रोग्राम, मग तो बंद करायचा, कागद बघायला दुसरा. देवचंदनं ते मोडलं. त्याच्या प्रोग्रामात एकाच खिडकीत डावीकडे नव्या गावठाणाचा नकाशा दिसायचा, उजवीकडे कागद. डावीकडे सतरा नंबरच्या प्लॉटवर माऊसचं बटण दाबलं की उजवीकडे सतरा नंबरवाल्याचा वाटपाचा कागद सहीशिक्क्यासकट उघडायचा.

बेबाताई तर वेड्याच झाल्या. डबा खायचा सोडून त्या देवचंदच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"चौधरी, हा नकाशा तुम्ही आत बसवला कसा?"

"मी नाही केला, ताई. नकाशा दाखवणारा तुकडा तयार मिळतो, कागद दाखवणारा तुकडा वेगळा मिळतो. मी माझ्या खिडकीत दोघांना जागा करून दिली."

"मग कागदवाल्याला कसं कळतं मी नकाशावर कुठे बोट ठेवलं ते?"

"नकाशावाला मला सांगतो, अमुक ठिकाणी दाबलं. मी यादीत बघतो तिथे कोणता नंबर आहे, आणि कागदवाल्याला म्हणतो, हा उघड."

"म्हणजे तुम्ही मधले निरोपे!"

देवचंद पहिल्यांदाच हसला. "सहा महिने राबलो, आणि तुम्ही एका शब्दात वाटोळं केलंत."

त्या दिवसापासून दोघांचं जमलं. बाई विचारायच्या, नकाशा मोठा केला तर रेघ जाड का दिसते? कागद तिरका आला असेल तर सरळ करता येतो का? देवचंद वैतागायचा, आणि संध्याकाळी ते करूनही द्यायचा.

अशात एका गुरुवारी धुरपदाबाई आल्या. साठीची विधवा बाई, पायात टायरच्या चपला, हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला कागद. खिडकीवर वना कारकून बसला होता. त्यानं कागद पाहिला. प्लॉट नंबर चौसष्ट. कॉम्प्युटरवर चौसष्ट टाकला, उजवीकडे बाईंच्या कागदाचीच प्रत उघडली, पण डावीकडे नकाशा ढिम्म. त्यात शेवटचा नंबर होता त्रेसष्ट.

"तुमचा कागद चुकलाय, बाई. नकाशात चौसष्ट नाहीच."

"बठ्ठासले प्लॉट भेटना, मलेच का नही?" सगळ्यांना मिळाला आणि आपल्यालाच का नाही, म्हणून धुरपदाबाईंचा आवाज चढला. "इतला वरीस कागद पोटशी धरी बठनू मी!"

"अहो, मशीन खोटं बोलतं का? सोमवारी यादी पक्की होणार. ज्यांचा प्लॉट निघणार नाही त्यांना दुसऱ्या वसाहतीत जागा मिळेल, शिरपूरच्या पलीकडे."

शिरपूरच्या पलीकडे! तिथे त्या बाईंना ओळखणारं काळं कुत्रंसुद्धा नव्हतं. ज्यांच्या अंगणात बसून चाळीस वर्षं गव्हातले खडे निवडले, त्या सगळ्या बाया करंजपाड्याच्या नव्या गावठाणात जाणार, आणि ही म्हातारी एकटी तिकडे. धुरपदाबाई व्हरांड्यात खाली बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. वनानं पुढचा नंबर पुकारला. माणूस वाईट नव्हता, पण काचेवर जे दिसतं तेवढंच खरं मानायची त्याला नवीनच सवय लागली होती.

बेबाताईंना राहवेना. त्यांनी पडद्यावर त्रेसष्ट नंबर मोठा करून पाहिला. बाकीचे सगळे प्लॉट सारखे, आणि त्रेसष्ट दुप्पट रुंद. तो तोताराम नावाच्या माणसाला मिळाला होता, आणि दुप्पट जागेबद्दल तोताराम कशाला तक्रार करेल?

"चौधरी, हे दुप्पट कसं?"

"मला काय माहीत, ताई. मूळ कापड जळगावला नेलं, मोठ्या स्कॅनरवर घातलं. कापडावर होतं तेच आलंय. एक रेघ मी मनची घातली नाही आणि एक गाळली नाही."

"कापड कुठंय?"

कापड पत्र्याच्या नळीत होतं. बेबाताईंनी ते आपल्या टेबलावर पसरलं. या टेबलाला वरून काच असते आणि खाली ट्यूबलाइट. दिवा लागला, कापड उजळलं, आणि त्रेसष्ट नंबरच्या मधोमध एक फिकट रेघ वर आली. शेजारी बारीक अक्षरात चौसष्ट.

अक्षर त्यांचंच होतं.

शहाऐंशी साल. नोकरीचा तिसरा महिना, पहिलं मोठं कापड. एक रेघ राहून गेली होती, आणि त्या जागी त्यांनी ऐटीत त्रेसष्ट लिहून टाकलं होतं. चूक लक्षात आली तेव्हा शाई वाळली होती. कापडावरची शाई ब्लेडनं खरवडली तर कापड फाटतं. तेव्हाचे मुख्य अनुरेखक झुलाल नाना म्हणाले होते, "पोरी, रडू नको. कापड पालथं कर, मागून पेन्सिलनं रेघ ओढ आणि आकडा आरशातल्यासारखा उलटा लिही. प्रिंट काढताना उजेड आरपार जातो, मागचं पुढचं सगळं उमटतं." सगळे तसंच करायचे. आणि खरंच, प्रत्येक प्रिंटवर चौसष्ट नंबर उमटला होता. त्याच प्रिंटवरून लोकांना कागद दिले गेले. आता त्या प्रिंटा उन्हानं पांढऱ्याफटक पडल्या होत्या, काही वाळवीनं खाल्ल्या होत्या.

देवचंद कापडावर वाकला. त्यानं कापड दिव्यावरून उचललं, साध्या टेबलावर ठेवलं. रेघ गेली. परत दिव्यावर ठेवलं. रेघ आली.

"अरे देवा," तो म्हणाला. "स्कॅनरचं झाकण लावलं की त्याला फक्त समोरची बाजू दिसते. त्यातून मी काळं-पांढरं करून घेतलं होतं. फिकट काही दिसलं असेल तर तेही पुसलं गेलं. मला कुणी सांगितलंच नाही तुम्ही मागच्या बाजूलाही लिहिता म्हणून!"

"आणि मला कुठे माहीत होतं तुमचं मशीन आरपार बघत नाही?"

मग देवचंद हळूच म्हणाला, "ताई, दोन मिनिटांचं काम आहे. मी नकाशात एक रेघ ओढतो. कुणाला कळणार नाही."

खरं सांगायचं तर बेबाताईंना ते फार आवडलं. त्या वर्षी मुख्य अनुरेखकाच्या बढतीच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं. घरी नवऱ्यानं पेढेसुद्धा कबूल केले होते. एक रेघ, दोन मिनिटं, आणि म्हातारीला जागा. कुणाचं काय बिघडणार होतं? त्या खुर्चीत बसल्या आणि हात चोळत राहिल्या. आणि तिथे पुन्हा त्यांची खोड आडवी आली.

"चौधरी, तोतारामनं विचारलं की ही रेघ कुठून आली, तर उजवीकडे कोणता कागद उघडेल?"

देवचंदनं माऊसवरून हात काढला. त्याचा प्रोग्रामच असा होता की डावीकडच्या प्रत्येक गोष्टीला उजवीकडे कागद पाहिजे. नाहीतर तोताराम कोर्टात जाणार, आणि पहिल्याच तारखेला ती रेघ पुसली जाणार. धुरपदाबाईंचं घर उभं राहण्याआधीच पडणार.

बेबाताईंनी कोरा कागद ओढला. त्यांनी लिहिलं: सन १९८६ मध्ये करंजपाडे गावठाणाच्या नकाशाचं अनुरेखन करताना प्लॉट त्रेसष्ट व चौसष्ट यांमधली रेघ माझ्याकडून राहिली. ती मी कापडाच्या मागच्या बाजूस पेन्सिलनं काढली, पण त्याची नोंद केली नाही. चूक माझी आहे. खाली सही, तारीख.

कचेरीचे प्रमुख मोतीलाल साहेबांनी तो कागद दोनदा वाचला. "तायडेबाई, बारा वर्षांनी कोण विचारणार होतं तुम्हाला?"

"कुणीच नाही, साहेब."

"मग?"

"व्हरांड्यात ती बाई बसलीय ना."

साहेबांनी स्वतः कापड दिव्यावर ठेवून बघितलं, दोन इंजिनिअर बोलावून पंचनामा केला आणि रेघ मान्य केली. नियमानं बेबाताईंना कारणे दाखवा नोटीसही काढली. त्या वर्षी बढतीच्या यादीतून बाईंचं नाव गेलं. त्या घरी जाऊन रडल्या, आणि दुसऱ्या दिवशी देवचंदला म्हणाल्या की आता बाकीची सगळी कापडंही उलटी करून बघूया. एकवीस कापडांत नऊ रेघा निघाल्या. कुणाकुणाच्या! पुढच्या महिनाभरात देवचंदनं प्रत्येक कापडाची पाठ स्कॅन करून, आरशातल्यासारखी उलटवून नकाशाखाली घातली, आणि प्रोग्रामात एक बटण वाढवलं. त्याच्यावर लिहिलं, 'मागची बाजू'.

पण त्याआधी, त्याच सोमवारी, देवचंदनं चौसष्टची रेघ आणि बाईंचा कागद प्रोग्रामात चढवल्यावर धुरपदाबाईंना बोलावलं. वनानं त्यांना खुर्ची दिली, हेही नवीनच. बेबाताईंनी माऊस फिरवला, चौसष्टवर दाबलं. उजवीकडे वाटपाचा कागद उघडला, आणि त्याच्यामागून दुसरा, हातानं लिहिलेला.

"हाई काय शे?" धुरपदाबाईंना वाचता येत नव्हतं.

मागे सगळी रांग उभी होती. रांगेत तोतारामही होता. बेबाताईंना वाटलं, नुसतं 'तुमचाच कागद आहे' म्हणून सोडून द्यावं. पण त्यांनी पहिल्या शब्दापासून सहीपर्यंत सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. चूक माझी आहे, हेही.

धुरपदाबाई पडद्याजवळ सरकल्या. त्यांनी काचेवर बोट टेकवून चौसष्टची एक एक कड चाचपली.

"माय," त्या म्हणाल्या, "आते सांग, दार कोनीकडे काढू?"

बेबाताईंनी डोळे पुसले, नकाशा मोठा केला आणि नीट बघितलं.

"पूर्वेला काढा, अक्का. रस्ता त्याच बाजूला आहे."