ढोलमास्तरांच्या घरची खिडकी

घरी पाहुणा आला की ढोलमास्तर त्याला धड चहासुद्धा पिऊ देत नसत. "चहा काय कुठंही मिळतो. चला, आधी आमचं गाव बघा," असं म्हणून ते त्याला पुन्हा बूट घालायला लावत. या खेपेला त्यांच्या तावडीत व्याही सापडले होते. लेकीचे सासरे. गुडघ्यांनी अधू आणि स्वभावानं भिडस्त, म्हणजे मास्तरांना हवा तसा माणूस.

मास्तरांची फेरी ठरलेली. आधी भट्टीवाल्याचा पाव. तोही दुकानातून नाही, मागच्या दारानं, लांब फळीवरून थेट हातात, बोटं भाजतील असा. मग चौकातला बँड. तिथं पाहुण्याचा दंड धरून ते कुजबुजत, "आता ऐका, इथं तो जाडा फुंकता फुंकता श्वास चोरतो." जाड्यानं श्वास चोरला की यांचा चेहरा असा फुलायचा, जणू तो यांनीच शिकवला होता. मग पुलाखालची तळलेल्या मासळीची गाडी. मासळी उभ्यानंच खायची, बसलं की चव जाते, हा मास्तरांचा शोध. आणि शेवटी फुटबॉलचं मैदान. मॅच नसली तरी मैदान दाखवायचंच. रिकाम्या पायऱ्या चढवत नेऊन ते पाहुण्याला एका ठिकाणी उभं करत आणि म्हणत, "इथं मी असतो."

मास्तर बसच्या सीटा शिवायचं काम करत. हे गावात फारसं कुणाला ठाऊक नव्हतं. त्यांच्या बायकोला ठाऊक होतं, कारण शर्टांना चिकटलेला स्पंजचा भुसा वर्षानुवर्षं तीच झटकत आली होती. तिला सगळे काकू म्हणत. मॅचनंतर मैदानावरून येणाऱ्या वाजंत्र्यांच्या अख्ख्या टोळीला सूप पाजणारी ती काकू. मोठ्या पातेल्यात, हाडं घालून, सकाळपासून मंद आचेवर ठेवलेलं सूप. हे काकूंच्या हौसेनं सुरू झालं असा मास्तरांचा समज होता.

गावाला मास्तर माहीत होते ते ढोलासाठी. संघाची मॅच असली की पायऱ्यांवर ते ढोल वाजवत, शेजारी त्यांचा जिवलग ट्रम्पेटवाला. आणि त्या पायऱ्यांवर एक नियम होता. संघ मागे असला की ढोल थांबवायचा नाही आणि ढोल वाजवणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. कधीतरी एकानं मास्तरांना पाणी विचारलं आणि तेवढ्यात समोरच्यांचा दुसरा गोल झाला, तेव्हापासूनचा हा नियम. एरवी कचेरीत बसून दुसऱ्यांच्या खुळ्या समजुतींना हसणारी शिकलीसवरलेली माणसं हा नियम पाळत. घाम डोळ्यांत उतरला तरी मास्तरांना कुणी रुमाल देत नसे.

रात्री जेवताना व्याह्यांनी आपलं विचारायचं म्हणून विचारलं, "मास्तर, इतकी वर्षं हे केलंत. घरून कधी कुणी अडवलं नाही?"

काकूंच्या हातातला डाव भाजीच्या भांड्यातच थांबला. आता ती गोष्ट येणार.

"अडवतंय कोण?" मास्तर घास बाजूला ठेवून म्हणाले. "माझी आई गेली ना, तेव्हा मी ढोल वाजवत होतो. संघ एका गोलानं मागे. आणि आई काय म्हणाली, हिला विचारा. म्हणाली, खिडकी उघड गं, माझ्या लेकाचा ढोल ऐकू दे. ऐकता ऐकता हसत गेली. बरोबरी झाली आणि गेली."

व्याह्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. "भाग्यवान बाई," ते म्हणाले.

"व्याहीबुवा, भाजी घ्या थोडी," काकू म्हणाल्या.

खिडकी उघडली नव्हती.

त्या दिवशी डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते की आता हाताशी फार वेळ नाही. काकू मास्तरांना म्हणाल्या, "आज नका जाऊ." मास्तर ढोलाचा पट्टा खांद्यावर घेत म्हणाले, "ग्राउंड काय, दोन गल्ल्या पलीकडं. काही वाटलं तर निरोप धाड, धावत येतो." तेव्हा खिशाखिशात फोन नव्हते. काकूंनी एका शेगडीवर सूप ठेवलं आणि दुसरीवर सासूबाईंना पुसायला पाणी. सूप ठेवू नये हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

दुपारी सासूबाईंचा श्वास लागला तसं काकूंनी खालच्या औषधवाल्याला मैदानाकडं पिटाळलं.

"आला का तो?" सासूबाईंनी विचारलं.

"येतायत."

"मग हे कोण बडवतंय?"

म्हातारीची जीभ शेवटपर्यंत शाबूत होती.

"लाव ती खिडकी."

काकूंनी खिडकी लावली. ढोल कमी झाला, पण गेला नाही. सासूबाईंनी मान भिंतीकडं वळवली. "अजून येतोय." तेव्हा काकूंनी कोपऱ्यात पडलेल्या सीटा, मास्तरांनीच शिवलेल्या, उचलून खिडकीला टेकवल्या. खोलीत अंधार झाला. घाम पुसायला हात पुरेनात. सासूबाईंनी डोळे मिटले. मग म्हणाल्या, "बस झालं म्हणावं त्याला." त्यापुढं त्या बोलल्या नाहीत.

औषधवाला वेळेत पोचला होता. पायऱ्यांवर ट्रम्पेटवाल्यानं त्याला छातीला हात लावून अडवलं. "आपण मागे आहोत," तो म्हणाला. "काय असेल ते नंतर." औषधवाल्यानं काय आहे ते सांगितलं. ते शेजारच्यानं ऐकलं, मग त्याच्या शेजारच्यानं. सगळ्या पायऱ्यांना कळलं, एका मास्तरांना सोडून. औषधवाला तिथंच उभा राहिला आणि त्यानंही मॅच बघितली. अगदी शेवटी बरोबरी झाली, मास्तरांना लोकांनी खांद्यावर घेतलं, आणि खाली उतरवून मग सांगितलं.

सगळे त्यांच्यासोबत घरी आले. जिन्यात उभं राहायला जागा नव्हती. त्यातला एक स्वयंपाकघरात डोकावून हलक्या आवाजात म्हणाला, "काकू, पातेलं उतरवू का? तळाशी लागतंय." त्यानं ते उतरवलं. सूप काही वाया गेलं नाही.

नंतर कित्येक दिवस मास्तर गुडघ्यांवर हात ठेवून बसून राहत. कामावर नाही, मैदानावर नाही, ताटातलं अन्न तसंच. "मी यायला हवं होतं," एवढंच. काकूंना बघवेना. एके दिवशी ताट समोर सरकवताना त्या म्हणाल्या, "ऐकू येत होता त्यांना तुमचा ढोल."

मास्तरांनी मान वर केली. "खरंच?"

"खरंच."

त्या दिवशी ते पोटभर जेवले.

एवढंच काकू बोलल्या होत्या, आणि त्यात एक अक्षरही खोटं नव्हतं. गोष्टीत खिडकी उघडली ती मास्तरांनी. पुढच्या हंगामापर्यंत ती चांगली सताड उघडली होती. मग सासूबाई त्यात बोलू लागल्या, नंतर हसूही लागल्या. पाहुण्यांना पाव, बँड, मासळी, मैदान आणि शेवटी ही गोष्ट. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं काकूंच्या जिवावर येई. एकांतात मास्तर तो विषय काढतच नसत, कारण त्या गोष्टीला ऐकणारे लागत.

आता मास्तरांचा खांदा गेला होता. पुढच्या रविवारी मॅचच्या आधी मैदानावर त्यांचा निरोप समारंभ होता, आणि व्याह्यांना त्यासाठीच मुद्दाम बोलावलं होतं. व्याही झोपायला गेल्यावर काकूंनी ताटं गोळा करता करता विषय काढला.

"रविवारी आईंची गोष्ट तिथं नको."

"का? लोकांना आवडते."

"म्हणूनच नको. इतकी वर्षं तुमच्या ढोलाबद्दल मी काही बोलले नाही. एवढं एक ऐका माझं."

मास्तर खांदा चोळत राहिले. "बरं. नाही सांगणार. शब्द दिला."

"ट्रम्पेटवाल्या भाऊजींनाही सांगा."

"सांगतो गं."

रविवारी समारंभाला लेकही आली, आणि काकू कितीतरी वर्षांनी मैदानावर गेल्या. लेकीनं घेतलेली ठेवणीतली साडी, पायात नवी चप्पल. मैदानात लाकडी मंच घातला होता. मास्तरांना फुलं दिली, फोटो काढले. मग ट्रम्पेटवाल्यानं माईक हातात घेतला. भट्टीच्या पावापासून सुरुवात केली. हे गाव म्हणजे काय, तर सकाळी तो पाव, दुपारी हे मैदान आणि मैदानावर हा ढोल, असं म्हणाला. काकूंना बरं वाटलं. मग तो थोडा थांबला. आवाज उतरवून म्हणाला, "मित्रांनो, एक दिवस असा होता की संघ मागे होता, आणि मास्तरांच्या घरी त्यांची आई..."

काकूंनी नवऱ्याकडं बघितलं. मास्तर खाली मान घालून उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. ट्रम्पेटवाल्याच्या शब्दाशब्दाबरोबर. कुठं थांबायचं तेही त्यांना पाठ होतं. शब्द त्यांनी पाळला होता. सांगत तर दुसराच होता.

"खिडकी उघड, म्हणाली ती माउली," ट्रम्पेटवाला म्हणाला, आणि सगळं मैदान चिडीचूप झालं. मग त्यानं माईक काकूंच्या तोंडापुढं धरला. "काकू, तुम्ही तिथं होतात. तुमच्या तोंडून ऐकू दे."

काकूंनी माईककडं बघितलं. त्यावर कुणाचीतरी थुंकी उडालेली होती.

"खिडकी बंद होती," त्या म्हणाल्या. "मीच लावली होती."

त्यांचाच आवाज मैदानाला वळसा घालून त्यांच्याकडं परत आला. मास्तरांचे ओठ थांबले. काकूंनी पुढचं बोलायला तोंड उघडलं, तोवर ट्रम्पेटवाल्यानं माईक काढून घेतला होता.

"ऐकलंत? बंद खिडकी. बंद खिडकीतूनसुद्धा आईला लेकाचा ढोल ऐकू गेला. असा होता हा हात."

मैदान उठून उभं राहिलं. टाळ्या, शिट्ट्या, पाय आपटणं. पुढं बसलेले व्याही रडत होते. कुणीतरी मास्तरांच्या गळ्यात शेवटचं म्हणून ढोल अडकवला. मास्तरांनी बायकोकडं एकदा बघितलं. त्यांचा पहिला ठोका चुकला, दुसरा बरोबर पडला.

परतताना व्याही लेकीसोबत रिक्षानं पुढं गेले. हे दोघं चालत निघाले. पहिली गल्ली तशीच संपली. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी मास्तर म्हणाले, "बंद का होती?"

"त्यांनी लावायला सांगितली."

मास्तर चार पावलं पुढं गेले. मग बायकोकडं न बघता, जपून, म्हणाले, "थंडी असेल."

काकूंना तो आवाज ओळखीचा होता. ताट पुढं सरकवताना ऐकलेला. आताही एक "हो" म्हटलं असतं तर भागलं असतं. नवीन चप्पल टाचेला लागत होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "उकडत होतं. बस झालं म्हणावं त्याला, असं म्हणाल्या."

घरी येऊन मास्तर आतल्या खोलीत जाऊन बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. व्याही दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा मास्तर त्यांना सोडायला खाली उतरले नाहीत. आठवडाभर ते मोजकंच बोलले. काकूंना वाईट वाटत होतं, पण कितीतरी वर्षांनी घरात आपण दोघंच आहोत असंही वाटत होतं. म्हातारी धरून तिघं.

पुढची मॅच झाली आणि सवयीप्रमाणं ट्रम्पेटवाला टोळी घेऊन हजर झाला. काकूंनी सवयीप्रमाणं सूप केलं होतं. सोबत नवा ढोलवाला होता, मास्तरांच्या जागी आलेला, चांगला बायकामुलांचा माणूस. ट्रम्पेटवाल्यानं त्याच्या पाठीवर थाप मारली. "तू कुणाच्या घरी बसलायस माहितीये? यांच्या आईनं बंद खिडकीतून ढोल ऐकला. काकूंनी सगळ्यांसमोर सांगितलं. काय मास्तर?"

नवा ढोलवाला वाटी हातात धरून मास्तरांकडं बघत राहिला. काकूही बघत राहिल्या, डाव हातात तसाच.

मास्तरांनी वाटीतलं सूप ढवळलं.

"बंदच होती," ते म्हणाले. थोडं थांबले, जिथं थांबायचं असतं तिथं. "पण ऐकू येत होता तिला. हिनंच सांगितलंय मला."

"वा," नवा ढोलवाला म्हणाला.

मास्तरांनी रिकामी वाटी पुढं केली. काकूंनी ती हातातून घेतली, भरली नाही, मोरीत ठेवली. मग गॅस बंद केला. पातेल्यात अजून निम्म्याहून जास्त सूप होतं. ते त्यांनी दोन्ही हातांनी उचललं आणि टोळीसमोरून नेऊन मोरीत ओतलं. हाडं खडखडत जाळीवर अडकली.

"काकू, अहो, आम्हाला प्यायचं होतं अजून," ट्रम्पेटवाला म्हणाला.

"बस झालं," काकू म्हणाल्या, आणि पातेलं विसळून पालथं घातलं.