पाचोडच्या बाजारातला समुद्र

सुकटीच्या पोत्यात तळाला चुरा साचतो, तसे आम्हा तिघींचे किस्से साचलेत. मी, हौसा आणि शांता. पाचोडच्या बाजारात सुकट-बोंबील विकून केस पांढरे झाले, समुद्र एकीनंही पाहिला नाही. पण तिकडची हवा आम्हाला विचारा. माल कोकणातून येतो. बोंबील काडीसारखा मोडला तर तिकडं ऊन. वाकला तर वाळवणावर आभाळ आलं होतं.

*

वाचायला मी बोंबील बांधायच्या पेपरावर शिकले, कुणी शिकवलं नाही. एकदा एक मास्तर म्हणाले, "आजी, पेपरात तर लिहिलं होतं, किनाऱ्यावर हवा कोरडी."

मी बोंबील त्यांच्या हातात दिला. वाकला.

"लिहिणाऱ्यानं हात लावला व्हता का?"

मास्तर अर्धा किलो घेऊन गेले.

*

शांताचा एकुलता एक सोपान तिकडं वाळवणावर कामाला गेला. पोती शिवायचा. आईबरोबर गोधड्या शिवलेला पोरगा, पोत्याचा शेवटचा टाका उलटा घालायचा. पोतं आलं की शांता आधी तो टाका चाचपायची, "हाय" म्हणायची, मगच बाजार मांडायची.

*

पावसाळ्यात बोटी वर ओढतात, तेव्हा सोपान घरी. म्हणाला, "आई, इथल्या हवेला वासच नाय."

हौसा म्हणाली, "तुझा येतोय की. गल्लीला पुरतोय."

शांता लई दिवसांनी हसली होती.

*

यंदा दिवाळीनंतर, वाळवणाच्या ऐन दिवसांत तिकडं वादळ झालं. सोपानचा फोन बंद. मालकाचा लागला, पण तो म्हणाला, "बघून सांगतो." सांगितलं नाही.

आठवड्यानं माल आला. बोंबील काळे पडलेले, दोरीसारखे वाकत होते. शांतानं तिच्या पोत्याच्या तोंडावर हात फिरवला. पुन्हा फिरवला. मीही वाकून पाहिलं. टाका सरळ होता.

"घाईत शिवलं असंल पोरानं," हौसा म्हणाली. माझ्याकडं बघितलं नाही तिनं.

शांतानं दाभण मागितलं. सरळ टाका उसवला, त्याच सुतळीनं उलटा घातला, गाठ मारली. मग डोळे मिटून त्यावर बोट फिरवलं.

"हाय," म्हणाली, आणि बाजार मांडायला लागली.