वास मासळीचा नव्हता

दोन वर्षांपूर्वी मी पेणकरपाड्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये बिटकॉइन काढायचं मशीन आणलं. सेकंडहँड, बुटांच्या खोक्याहून जरासं मोठं, पण आवाज असा की बायको म्हणाली, "घरात विमान उतरवलंयस." चोवीस तास आकडेमोड करायची आणि बदल्यात कणाकणाने नाणं मिळवायचं, हे त्याचं काम. मागच्या खोलीत एक्स्टेंशन बोर्डाला लावून मी ते चालू केलं.

तासाभरात त्या खोलीची वीज गेली. मीटरच्या बोर्डातला एमसीबी, म्हणजे फ्यूजच्या जागी असतो तो खटका, पडला होता. वर केला, परत पडला. मग मी एक व्हिडिओ बघितला, बाजारातून मोठा एमसीबी आणला आणि स्वतःच बसवला. त्यानंतर तो एकदाही पडला नाही. मी दोन दिवस मिरवत होतो.

आठवडाभरात घरात सुक्या बोंबलासारखा वास यायला लागला. आमच्याकडे तर वरणभात होता. मी शेजारच्या काकूंची बेल वाजवली.

"आंटी, आज मछली बनायी है क्या?"

काकू जैन. "हमारे यहाँ प्याज भी नहीं आता," म्हणाल्या आणि दार लावून घेतलं.

रविवारी मुर्ध्याहून मावशी जेवायला आली. तिचं सगळं आयुष्य मासळी विकण्यात गेलेलं. चपला काढता काढताच ती थांबली.

"काय जळतंय रे?"

"जळत नाही गं, कुणीतरी बोंबील भाजतंय."

"मला बोंबील शिकवतोस? ह्यो मासळीचा वास न्हाय."

वास घेत ती थेट मागच्या खोलीत गेली. एक्स्टेंशन बोर्डाचा भिंतीतला प्लग तपकिरी पडून एका बाजूने वितळला होता. मी तो ओढायला वाकलो, तर तिने माझं मनगट धरलं. "हात लावू नको! आधी मेन बंद कर!"

मेन बंद केला. पंखे थांबले, मशीन थांबलं. "उतरलं विमान," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने सॉकेट उघडला. आत सगळं काळं; बोंबलासारखा वास त्या तापलेल्या प्लास्टिकचा होता.

"एमसीबी कुणी बदलला?"

"मी."

"साहेब, तो तुम्हाला छळायला पडत नव्हता. भिंतीतल्या वायरला एवढा करंट झेपत नव्हता, म्हणून पडत होता. तुम्ही वॉचमनलाच झोपवलंत."

अर्थिंगची हिरवी वायर कशालाच जोडलेली नव्हती, हेही त्यानेच दाखवलं. म्हणजे मशीनच्या पत्र्यात करंट उतरला असता तर आमच्यापैकी कुणालाही शॉक बसला असता. त्याने जुन्या मापाचा एमसीबी परत बसवला, मेन बोर्डापासून जाड वायरची वेगळी लाइन ओढली, तिला स्वतंत्र एमसीबी आणि एसीचा मोठा सॉकेट दिला आणि अर्थिंग जोडलं. मीटरवर किती लोड मंजूर आहे, तेही तपासून घ्यायला लावलं. एक्स्टेंशन बोर्ड तो स्वतःच कचऱ्यात टाकून गेला. संध्याकाळी मी काकूंची माफी मागितली. त्या पोट धरून हसल्या.

मशीन पुढे काही महिने बिनघोर चाललं. उन्हाळ्यात मात्र खोलीची भट्टी झाली, तेव्हा मी ते विकायला काढलं. डोंगरीचा एक गृहस्थ घ्यायला तयार झाला. मी म्हटलं, "आधी तुमची वायरिंग दाखवा."

"मशीन विकताय की मुलगी देताय?" तो वैतागला.

तरी मी बस पकडून त्याच्या घरी गेलो. तिथेही अर्थिंग नव्हतंच. मी रिकाम्या हाताने परत आलो. पंधरा दिवसांनी त्याने नव्या सॉकेटचा फोटो पाठवला, तेव्हाच मी मशीन रिक्षात घातलं.